उठायचा शॉट

काका मरायचे फार सुंदर. गोळी लागली की सिनेमातली माणसं धाडकन पडतात. काका पडत नसत. गोळी जिकडून आली तिकडे ते आधी बघायचे, सख्ख्या नात्यातल्या माणसाने लग्नाचं आमंत्रण दिलं नाही असा चेहरा करून. मग उजवा हात छातीवर. मग डाव्या हाताने चष्मा काढायचा, काड्या मिटायच्या, तो शर्टाच्या खिशात ठेवायचा, खिसा वरून एकदा थोपटायचा, आणि एवढी आवराआवर झाली की मग सावकाश, कुशीवर, कोसळायचं. "काका, चष्मा काढत बसू नका, खोटं वाटतं," असं मी पहिल्या दिवशी म्हणालो होतो. "फुटला तर तू करून देणार आहे का?" काकांनी विचारलं. नागपूरहून पाच महिन्यांसाठी आलेल्या माणसाला कॅनडातल्या केंब्रिजमध्ये नवा चष्मा काय भावात पडतो ते मला ठाऊक होतं. त्यानंतर आमच्या सिनेमात मेलेला प्रत्येक माणूस चष्मा खिशात ठेवूनच मेला, कारण आमच्या सिनेमात मेलेला प्रत्येक माणूस काकाच होते.

सिनेमाचं नाव 'दिवेलागणीच्या आत'. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या जुन्या लोकांना तो आठवत असेल. ओंटारिओत मराठी माणसांनी काढलेला तो बहुधा पहिलाच काउबॉयपट, आणि ज्यातला सगळ्यात तरुण नट पासष्टीचा होता असा बहुधा एकुलता एक. त्याबद्दल मंडळात बरंच बोललं जातं. मी कधी बोललो नाही. कथा माझी, कॅमेरा माझा, संकलन माझं, पण कुणी विषय काढला की मी खुर्च्या लावायला उठतो. आज मात्र बोलणार आहे. काकांविषयी लिहायचं तर ते टाळून लिहिताच येणार नाही, हे कागद घेऊन दोन वेळा बसून माझ्या लक्षात आलेलं आहे.

तेव्हा म्हणजे दोन हजारच्या दशकाची सुरुवात. मी इथल्या गाड्यांच्या प्लांटमध्ये लागून थोडीच वर्षं झाली होती. माझ्या शिफ्टवर डग नावाचा एक शांत माणूस होता. गावाबाहेर त्याचं शेत, मक्याचं, एक लाल रंगाचं धान्याचं कोठार आणि डचेस नावाची एक म्हातारी घोडी. इकडे मंडळाला दिवाळीच्या कार्यक्रमासाठी काहीतरी 'आयटम' हवा होता आणि आमच्या वयाच्या कुणालाच वेळ नव्हता. पोरांचं स्विमिंग, ओव्हरटाइम, मॉर्गेज. वेळ होता तो फक्त मे महिन्यात इकडे आणायच्या आणि बर्फ पडायच्या आत परत धाडायच्या आई-वडिलांना. ती माणसं सकाळपासून समोरच्या खिडकीशी बसायची आणि ज्या रस्त्यावरून कुणी जात नाही तो रस्ता बघायची. सतीश, काकांचा मुलगा आणि माझा दोस्त, एकदा मला कळवळून म्हणाला, "बाबांना काहीतरी काम दे यार. त्यांनी माझं लॉन उपटून अर्ध्यात मेथी लावलीये. कंप्लेंट येईल." डगचं शेत, रिकामे आई-वडील आणि माझा नवा कॅमकॉर्डर. यातून काउबॉयचा सिनेमा निघाला, यात माझी प्रतिभा फारशी नव्हती.

अडचणी पहिल्याच रविवारी सुरू झाल्या. कुणाच्याही गुडघ्यांना घोड्यावर चढणं मान्य नव्हतं. त्यामुळे आमच्या सिनेमात घोडेस्वार घोडीच्या शेजारून चालतात, लगाम हातात धरून, फिरायला निघाल्यासारखे. पाठलागसुद्धा असाच आहे. पुढे दरोडेखोर चालतोय, मागे शेरीफ चालतेय, आणि घोडी एकच असल्यामुळे ती कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे. शेरीफ होत्या साताऱ्याच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. नऊवारी, पायात स्नीकर्स, छातीवर स्वयंपाकघरातल्या चकचकीत फॉइलचा तारा. त्यांनी दरोडेखोराला "हँड्स अप" म्हटलं तेव्हा पुण्याचे एक निवृत्त बँक मॅनेजर, जे आमचे खलनायक, यांनी एकच हात वर केला.

"दुसरा?" बाई म्हणाल्या.

"फ्रोझन शोल्डर आहे."

"एक हात वर म्हणजे प्रश्न विचारायचा असतो. काय विचारायचंय?"

"बाई, वॉशरूमला जाऊ?"

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. पण कॅमेरा चालू होता आणि डगसकट सगळे हसत सुटले, म्हणून ते तसंच ठेवलं.

खरी पंचाईत मरणाची. काउबॉयच्या सिनेमात चार माणसं मेल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. स्क्रिप्ट वाटलं त्याच संध्याकाळपासून मला सुनांचे फोन यायला लागले. "अरविंद, आमच्या बाबांना मारू नकोस प्लीज. त्यांचा व्हिसा व्हावा म्हणून आईंनी देवीला नवस बोललाय, तो अजून फेडायचाय, आणि तू त्यांना स्क्रीनवर आडवं करणार?" मॅनेजर स्वतः म्हणाले, "मी जखमी होईन. पायाला. डाव्या. घरात सुतक लागेल असं काही माझ्याकडून होणार नाही." पुढच्या रविवारी कोठारापाशी सगळे जमले असताना मी हताश होऊन विचारलं, मग मरणार कोण? घोडीच्या पलीकडून एक हात वर झाला. "आपण मरतो ना बाप्पा. त्यात काय?" तेव्हापासून ते आमचे मरणारे काका.

त्यांनी मग कुणाकुणाची मरणं मारून नेली! टोपी बदलून दरोडेखोर मेला, मिशी लावून न्हावी मेला, मिशी काढून डॉक्टर मेला. एका प्रसंगात काकांनी काकांनाच गोळी घातली. मारणारा पाठमोरा, मरणारा समोरून, मध्ये बनियन बदलायला पाच मिनिटं. डगच्या गवतावर उगाच भार नको म्हणून ते दर रविवारी सकाळी त्याची परवानगी घ्यायचे. "डग सर, टुडे आय अॅम डायिंग टू टाइम्स. ओके फॉर युवर ग्रास?" डग टोपीला हात लावून गंभीरपणे म्हणायचा, "यू गो राइट अहेड, सर." जागा काका स्वतः निवडायचे. चपलेने माती चाचपायचे, खडा बाजूला करायचे, घोडीने काही केलेलं नाही ना ते पाहायचे. मी सूर्य उतरतोय म्हणून घाई केली की पडल्या पडल्या एक डोळा उघडून म्हणायचे, "घाई नको करू बे. मरून राहिलो ना मी."

ही कला त्यांना झाडीपट्टीच्या नाटकांनी दिली होती. तरुणपणी ते भंडाऱ्याकडच्या गावांतून, धान निघालं की रंगणाऱ्या नाटकांत कामं करायचे. नाटक पहाटेपर्यंत चालायचं आणि काकांची सकाळची ड्यूटी नागपूरला. म्हणून ते मागून घ्यायचे ते पहिल्या अंकात मरणाऱ्याचं काम. "नागपूरची शेवटची बस सुटायच्या आत मला मारा, एवढीच अट राहायची माझी," असं ते सांगायचे. "पुढचं नाटक काय झालं ते मला अजून माहीत नाही." त्यांनी चाळीस-पंचेचाळीस नाटकं केली होती म्हणे, आणि एकाचाही शेवट पाहिला नव्हता. यावर काकू शेजारून म्हणायच्या, "मी तर खूश राहत होती. लवकर मेले की लवकर घरी येत होते."

काकूंविषयी सांगायला हवं. त्या शूटिंगला यायच्या, काम मात्र केलं नाही. डगच्या कुंपणाला लागून घडीच्या खुर्चीत बसायच्या, पायाशी चहाचा थर्मास, डोक्यावर सतीशची बेसबॉलची टोपी. पहिल्या मरणाच्या वेळी काका कोसळले, मी 'कट' म्हणून कॅमेरा बंद केला, आणि काकू खुर्चीतून उठून माझ्यापाशी आल्या.

"ते उठले ते घेतलं का टेपवर?"

"नाही काकू. त्याची गरज नाही."

"तुला नसंल. हे बघ, नाटकात मेले तर त्याच रात्री घरी येत होते. मी दार उघडत होती. टेपवर मेलेला माणूस कसा घरी येईल? तू टेप लावली की मरंल. परत लावली की परत मरंल. उठंल कधी?"

इंजिनिअरिंगची डिग्री असलेला मी कॅमेऱ्याची बटणं तपासायला लागलो. काकांनी तोडगा काढला. ते निमूटपणे पुन्हा आडवे झाले, पुन्हा मेले, आणि या वेळी मी कॅमेरा चालू ठेवला. तो आमचा पहिला उठायचा शॉट. त्यानंतर नियमच झाला. टेपवर मेले तर त्याच टेपवर उठले पाहिजेत, मध्ये कॅमेरा थांबवायचा नाही.

उठण्याचीही पद्धत ठरलेली. आधी डोळे. मग डावा तळहात गवतावर, उजवा गुडघ्यावर, "बाप्पा रे", आणि उभं राहणं. पँटची मागची बाजू झटकणं. मग खिशातून चष्मा, तो कानांवर नीट बसवणं, आणि चष्म्यातून काकू कुठे बसल्यात ते शोधणं. त्या सापडल्या की म्हणायचं, "झालं मरून. चहा कुठे आहे?" काकू थर्मासचं झाकण उघडायच्या. तो आवाज झाला की मला कॅमेरा बंद करायची मुभा होती.

आठवड्यातल्या इतर दिवशी तालीम चालायची ती सतीशच्या घरापुढच्या हिरवळीवर, मेथीच्या वाफ्याला लागून. तिथे एकदा काका छातीवर हात ठेवून कोसळलेले समोरच्या घरातल्या गोऱ्या शेजारणीने खिडकीतून पाहिले. आधी फायरचा बंब आला, मग अँब्युलन्स आली. दोन धिप्पाड पोरं पेटी घेऊन धावत आली तेव्हा काका नेहमीसारखे उठले, चष्मा लावला आणि त्यांनाच म्हणाले, "टी?" पोरांनी ऐकलं नाही. आलोच आहोत तर म्हणून त्यांनी पट्टा गुंडाळून बीपी घेतलं, आणि ते एवढं निघालं की पोरांचे चेहरे बदलले. काकांना दुसऱ्या दिवसापासून गोळ्या सुरू झाल्या. काकू सगळ्यांना सांगत सुटल्या, "मेले म्हणून वाचले." मॅनेजरांच्या सुनेने ही बातमी ऐकून मला फोन केला आणि म्हणाली, आमच्या बाबांना एखादं छोटंसं मरण मिळेल का.

आता मी जिथे पोचायला नको म्हणून एवढा वेळ इकडचं तिकडचं सांगत होतो, तिथे येतो.

सप्टेंबर संपत आला होता. मका माणसाच्या डोक्यावरून गेला होता. काका-काकूंचं विमान मंगळवारचं, आणि रविवारी शेवटचं मरण घ्यायचं होतं. गोष्टीत काकांचा म्हातारा स्वार दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं वचन देऊन निघालेला असतो आणि शेताच्या कडेला त्याला गोळी लागते. मी दुसरी बॅटरी चार्ज करायला विसरलो होतो. पहिलीचा दिवा लुकलुकायला लागला होता आणि बाईंचं शेवटचं वाक्य अजून घ्यायचं होतं. काका मेले. चेहरा, हात, चष्मा, खिसा, सगळं यथासांग, आणि मक्यातून येणाऱ्या तांबड्या उन्हात ते असे पडले की मीच श्वास रोखला. तेवढ्यात डचेस, जिला आम्ही सबंध उन्हाळा गाजरं दाखवूनही एक पाऊल हवं तिकडे टाकायला लावू शकलो नव्हतो, आपण होऊन चालत आली. तिने मान खाली घातली. काकांचा गाल हुंगला. काका हलले नाहीत. मला वाटलं, हे आपण काहीतरी मोठं केलं. आणि बॅटरी वाचवायला मी बटण दाबलं.

समोर काका उठले. डावा तळहात, उजवा गुडघा, "बाप्पा रे". घोडीच्या कपाळावर थोपटलं, चष्मा लावला, काकू शोधल्या. "झालं मरून. चहा कुठे आहे?" थर्मासचं झाकण वाजलं. काकूंनी तिकडूनच विचारलं, "अरविंदा, घेतलं ना रे टेपवर?"

"घेतलं काकू."

मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? काका हसत हसत पुन्हा गवतावर टेकले असते. सोमवारी बॅटरी चार्ज करून सतीशच्या हिरवळीवर घेतलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या डोक्यात घोडी होती, सूर्य होता, बाईंचं वाक्य होतं. उठणं काय, ते कुणालाही जमतं, असं मला वाटलं.

दिवाळीला हायस्कूलच्या सभागृहात सिनेमा दाखवला तेव्हा लोक खुर्च्यांवरून घसरले. घोडीच्या बाजूने चालणारा पाठलाग पुन्हा लावायला लागला. चौथ्यांदा चष्मा खिशात गेला तेव्हा सगळं सभागृह एका सुरात "आवरा, काका!" ओरडलं. शेवटच्या शॉटला मात्र सगळे गप्प झाले. घोडी हुंगते आणि पडदा एकदम काळा. रिचमंड हिलहून आलेले एक रसिक गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तिथे थांबलास, हीच खरी कला." बॅटरी संपत आली होती हे मी त्यांना सांगितलं नाही. ते अजूनही त्या शॉटबद्दल बोलतात, आणि मी अजूनही खुर्च्या लावायला उठतो.

सिनेमातून उठायचे शॉट मी अर्थातच काढून टाकले होते. डीव्हीडी कुणाच्या तरी सामानातून नागपूरला गेली आणि काकांचा फोन आला. "मस्त झालं बे! पण ही म्हणून राहिली की मी सारखा मरूनच राहिलो, उठून कुठेच नाही राहिलो." मागून काकूंचा आवाज: "त्याला विचारा, उठलेलं हाय ना त्याच्याकडे?" मी म्हणालो, "आहे काकू. मूळ टेपांवर आहे सगळं. जपून ठेवलंय." सगळं म्हणालो. शेवटचंसुद्धा त्यात आलं.

पुढे काका परत इकडे आले नाहीत. बीपीवाल्या माणसाचा इन्शुरन्स सतीशला फार महाग पडत होता. पण दर दिवाळीला फोन यायचा, आणि हालहवाल झाली की काका विचारायचे, "काय बे, तुझ्या बेसमेंटात मी अजून उठून राहिलो ना?" मी म्हणायचो, "हो काका." ते खूश व्हायचे. काही वर्षांनी हा त्यांचा ठरलेला विनोद झाला आणि माझं ठरलेलं उत्तर. मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? एका म्हाताऱ्या माणसाचं उठणं मी टेपवर घेतलं नाही. हे ऐकून कुणी तोंड गंभीर ठेवलं असतं?

सात-आठ वर्षांनी, एका जानेवारीत, मी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत असताना सतीशचा फोन आला. काका झोपेतच गेले. सकाळी काकू चहा घेऊन गेल्या, हाका मारल्या, कप तसाच राहिला. मी फावडं हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. समोरचा शेजारी हात हलवून गेला. मी काकूंना फोन केला नाही. सतीशला दोन ओळींची ईमेल केली, इंग्रजीत, कुणालाही पाठवता येईल अशी. मी प्लांटमध्ये क्वालिटी बघतो. कशाने काय होतं आणि कशाने काय होत नाही हे मला कळतं. तरीही त्या हिवाळ्यात घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायला खाली बेसमेंटात गेलो की टेपांच्या खोक्याकडे पाठ करून उभा राहायचो.

त्या उन्हाळ्यात सतीश काकूंना घेऊन आला. आठवड्याभरात एका दुपारी त्याने त्यांना आमच्याकडे सोडलं आणि तो ग्रोसरीला गेला. काकू सोफ्यावर टेकल्याही नाहीत. "चल खाली. सिनेमा नको मला. ते उठून राहिलेले दाखव, सगळे."

मी कॅमकॉर्डर शोधला, वायर टीव्हीला जोडली. बेसमेंटच्या जुन्या सोफ्यात काकू पाय वर घेऊन बसल्या. पहिल्यांदा न्हावी उठला. मिशी एका बाजूने लोंबत होती. "झालं मरून. चहा कुठे आहे?" काकू हसायला लागल्या. डॉक्टर उठला. "झालं मरून." दरोडेखोर उठला, पण त्याला चष्म्यातून काकू सापडेनात, कारण त्या दिवशी त्यांनी खुर्ची सावलीत हलवली होती, तो डोळ्यांवर हात धरून चारी दिशांना बघत राहिला आणि शेवटी मुलासारखा ओरडला, "अहो! कुठे गेल्या?" काकू टीव्हीला म्हणाल्या, "अहो, इकडे, कोठाराच्या बाजूनं." त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि त्या हसत होत्या की काय ते मी बघितलं नाही. ज्यात काकांनी काकांना मारलं होतं त्या टेपवर तर मारणाराही शेवटी जमिनीवर बसला आणि उठला, मेलेल्याला एकट्याने उठायला नको म्हणून.

मग शेवटची टेप. मका, तांबडं ऊन, चेहरा, हात, चष्मा, खिसा. घोडी आली. हुंगली. आणि टीव्हीचा पडदा निळा झाला.

काकू टीव्हीकडे वाकल्या. "पुढं?"

मला वाटलं होतं की ही वेळ आली तर टेप खराब झाली म्हणून सांगू. वाक्य पाठ होतं. निघालं ते दुसरंच. "काकू, पुढे नाहीये. मी बंद केला होता कॅमेरा. तुम्हाला खोटं सांगितलं. तेव्हाही, फोनवरही, दर वेळी."

काकू निळ्या पडद्याकडून माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे इतके वर्षं तुझ्या बेसमेंटात ते तसेच पडून हायत? घोडीसमोर?"

"हो काकू."

"थंडीचे?"

मला हसू आलं. काकू मात्र अजिबात विनोद करत नव्हत्या.

"तू तर पाहिलं ना त्यांना उठताना?"

"पाहिलं. घोडीला थोपटलं, मग चष्मा लावला..."

"सांगू नको. करून दाखव."

"मी? काकू, मला अॅक्टिंग येत नाही. मी साधं मंडळात आभार मानायला उभा राहत नाही."

"मरायचं थोडीच आहे तुला? उठायचं आहे. ते कोणालाही जमते."

मी कार्पेटवर आडवा झालो. चष्मा मलाही लागला होता एव्हाना. तो काढून, मिटून, खिशात ठेवला. वर छताचे पांढरे चौकोन धूसर झाले. मी पटकन उठून बसलो.

"अबे, असं तर बस सुटली की उठते माणूस," काकू म्हणाल्या. "परत."

मी परत आडवा झालो. या वेळी डोळे मिटून घेतले आणि घाई केली नाही. डावा तळहात टेकवला. "उजवा गुडघ्यावर," सोफ्यावरून आवाज आला. उजवा गुडघ्यावर. गुडघा खरंच कटकन वाजला आणि "बाप्पा रे" आपोआप निघालं. घोडी होती तिथे हवेत थोपटलं. पँट झटकली. खिशातून चष्मा काढला, कानांवर बसवला, आणि बघितलं. निळ्या उजेडात, पाय वर घेऊन, पदर हातात धरून, काकू समोरच बसल्या होत्या.

"झालं मरून," मी म्हणालो. "चहा कुठे आहे?"

काकूंनी हातातला पदर सोडून खांद्यावर सारखा केला.

"उठले," त्या म्हणाल्या. मग सोफ्याच्या हाताला धरून स्वतःही उठल्या, आणि जिना चढता चढता मागे न बघता म्हणाल्या, "ये वर. ठेवते चहा."